चार बोटं खेळ

आमच्या पिकअपचं स्टेअरिंग सैल होतं, पण त्याला दोष म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. कुणाचा एक खांदा जरा खाली असतो, कुणी बोलताना डोळे मिचकावतो, तशातलाच तो प्रकार. स्टेअरिंग फिरवायला घ्यावं तर सुरुवातीला ते नुसतंच फिरायचं, पुढच्या चाकांना त्याची खबरच नसायची. या वाया जाणाऱ्या फिरण्याला मेकॅनिक लोक 'प्ले' म्हणतात, बाबा 'खेळ' म्हणतात. तो मोजायचा बोटांनी, स्टेअरिंगच्या कडेवर बोटं आडवी टेकवून. एक बोट खेळ असेल तर गाडी शहाणी, दोन बोटं असेल तर सांभाळून घ्यायची, आणि चार बोटं असेल तर ती नक्की आमची.

मी गाडी शिकले ती हिच्यावरच. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग सारखं डावी-उजवीकडे घुसळत राहायचं, म्हणजे गाडी सरळ जाते, असं बाबांनी शिकवलं आणि मी ते शास्त्र म्हणून मानलं. दुसऱ्याच्या गाडीत हात स्वस्थ ठेवून बसलेला ड्रायव्हर दिसला की मला तो आळशी वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर माथ्यावर धनगरांची वाडी आहे. तिथे एसटी जात नाही आणि रिक्षावाल्यांना विचारलं तर ते आधी रस्त्याकडे बघतात, मग आपल्या टायरकडे, आणि मग दुसऱ्याच विषयावर बोलायला लागतात. बाबा मात्र मी शाळेत होते तेव्हापासून रोज सकाळी वर जात आले. वाडीतले दुधाचे कॅन, बाजाराला निघालेल्या बाया, कधी बोकड, कधी तापाने फणफणलेलं पोर, सगळं गाडीत घालून पोलादपूरला आणायचं आणि बाजार उरकला की ज्याचं त्याला दारात नेऊन सोडायचं. आमची थोडी भातशेती आहे, ती आई बघते. बाबांचं शेत म्हणजे ती गाडी आणि तो रस्ता.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तेव्हा बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला स्कूटीवरून घरी यायचे. अशाच एका सुट्टीला, दिवाळी उरकल्यावर, पोलादपूरच्या बाजारात मला वाडीतल्या आजींनी गाठलं. त्या माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत, पण लहानपणापासून मी त्यांना आजीच म्हणते. त्यांनी माझा दंड धरून मला भाजीवाल्यांच्या मागे नेलं.

"तुज्या बापाला सांगू नको मी बोलले म्हणून," त्या म्हणाल्या. "पन गाडी लय डुलते हल्ली. ते इस्टेरिंग का काय असतं ते बगून घ्या गो."

मी हसून म्हटलं, "आजी, ती पहिल्यापासूनच डुलते."

"हल्ली जास्त डुलते," त्या म्हणाल्या आणि मिरच्यांचा भाव विचारायला निघून गेल्या.

घरी येऊन मी सहज विषय काढला. बाबा गाडीबद्दल काही बोलेनात, उलट वाडीच्या लोकांबद्दलच तक्रार करायला लागले. मोठं वळण आलं की हल्ली सगळे खाली उतरतात आणि वळण चालत जातात म्हणे, आणि पुढे जाऊन परत गाडीत बसतात. "पाय मोकळे करतो म्हन्तात," बाबा म्हणाले. "जन्मभर डोंगर चढून गेले, आनि यांना आता चालायची हौस आली!"

ते हसत होते, पण मला हसू आलं नाही. त्या वळणाला एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे. लोक तिथे उतरत होते याचा अर्थ सरळ होता, त्यांना गाडीची भीती वाटायला लागली होती. आज वळणापुरते उतरतात, उद्या गाडीत बसायचेच नाहीत. आणि वाडी बसली नाही तर बाबा कुठे जाणार? सकाळी उठून अंगणात खुर्ची टाकून बसलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणवेनात. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, हे मी त्यांच्यासमोर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

"स्टेअरिंग आवळून घेऊ," मी म्हटलं.

"काय नको. गाडी आपली हाय, तिचा खेळ आपल्याला म्हाईत हाय."

"तुम्हाला माहीत आहे. मागे बसणाऱ्यांना नाही."

"नको म्हटलं ना गो, बाय."

आता गाडीच्या दुरुस्तीला नको म्हणणारे हे बाबा मला नवीनच होते. तरुणपणी मुंबईत गॅरेजमध्ये काम केलेला माणूस, शेजाऱ्याच्या मोटरसायकलचा आवाज बदलला तरी पाना घेऊन धावणारा. मी आधी समजावलं, मग चिडले, मग दोन सुट्ट्या फोनवरूनच बोलले. शेवटी महाडला पार्टच्या दुकानात जाऊन जे लागेल ते सगळं घेतलं आणि पुढच्या सुट्टीला घरी येऊन पिशवी ओटीवर ठेवली. नवीन पार्ट समोर दिसल्यावर बाबांना गप्प बसवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं, एक जॉइंट उचलून बोटांनी फिरवला, आणि "बरा हाय" म्हणाले. तिथे मी जिंकले.

अंगणातच काम काढलं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर उचलून खाली लाकडी ओंडके सरकवले, म्हणजे पुढची चाकं अधांतरी राहतात. स्टेअरिंग सैल म्हटलं की बहुतेक जण आल्याआल्या स्टेअरिंगच्या बॉक्सवरचा स्क्रू आवळतात. खेळ लगेच कमी होतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि घाटात वळण घेतल्यावर स्टेअरिंग सरळ व्हायचं नाव घेत नाही. बाबांची शिकवण वेगळी. चाकापासून सुरुवात करायची आणि एकेक सांधा बघत वर यायचं. बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही जेमतेम, आणि एक बोट खेळ ठेवायचाच. अजिबात खेळ नसलेली गाडीही बरी नाही, ती माणसाला थकवते, असं ते म्हणतात.

सांधा बघायची रीत अशी. एकाने केबिनमध्ये बसून स्टेअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. सांध्याच्या अलीकडचा भाग हलला आणि पलीकडचा उशिराने हलला, तर खेळ तिथे आहे. यात डोळ्यांचं काम थोडं, सगळं तळहाताचं. पहिल्यांदा मी वर बसले आणि बाबा खाली गेले.

"डावीकडं. थांब. उजवीकडं. अजून. हां, हा गेला. हा पन गेला." खालून बाबांचा आवाज येत होता आणि आता त्यात उत्साह होता. "आयला, हा बॉक्सच हलतोय गो! याचे बोल्टच ढिले झालेत."

इतकी वर्षं आम्ही ज्याला आमच्या गाडीचा स्वभाव म्हणत होतो, तो म्हणजे दोन झिजलेले सांधे, ढिले बोल्ट आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी खिळखिळी केलेली एक दांडी होती. मला बरं वाटलं. दुखणं कळलं की अर्धी चिंता जाते.

आम्ही दुपारपर्यंत काम केलं. जुने जॉइंट निघायला तयार नव्हते, त्यांना हातोड्याने समजवावं लागलं. नवे बसवले, बोल्ट आवळले. मग प्रत्येक नटातून एक बारीक पिन घालायची होती, नट पुढे सैल होऊ नये म्हणून. बाबा बराच वेळ खाली पडून होते. मी वाट बघत होते. मग त्यांनी गाडीखालून हात बाहेर काढला, तळव्यावर त्या पिना होत्या.

"तू घाल. माला भोक दिसत नाय," ते म्हणाले. "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

मग आम्ही जागा बदलल्या. ते केबिनमध्ये जाऊन बसले, मी खाली गेले. मी पिना घातल्या, त्यांची टोकं वाकवली, आणि शेवटची तपासणी सुरू केली. चाकांना वळवणारी जी लांब दांडी असते, तिच्यावर तळहात ठेवला.

"बाबा, डावीकडे!"

दांडी लगेच हलली. वर हात फिरला आणि इथे मला कळलं, मध्ये जराही वेळ गेला नाही. मला इतका आनंद झाला की मी खाली पडूनच हसले. "उजवीकडे!" पुन्हा तसंच. आज्ञाधारक गाडी.

"आता थांबा. नुसतं धरून ठेवा."

दांडी थांबली नाही. अगदी बारीक, एका लयीत, ती माझ्या तळहाताखाली थरथरत राहिली.

"बाबा, हलवू नका ना."

"मी कुठं हलवतोय?"

मी दुसरा हात ठेवून बघितला. कुठला सांधा राहिला का, कुठला बोल्ट ढिला आहे का, असं मनात एकेक तपासत गेले. इंजिन बंद होतं. चाकं अधांतरी होती. सगळं घट्ट होतं, आणि घट्ट होतं म्हणूनच वरचं सगळं खाली पोचत होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी दांडीला हात लावलेला नाही, बाबांच्या हातांना लावलाय.

मी तिथेच पडून राहिले. अंगणातल्या मातीचा आणि ग्रीसचा वास येत होता, पलीकडे आई कोंबड्यांना हाकलत होती. बाहेर यावंसं वाटेना. मला रडू आलं, आणि गाडीखाली पडून रडलं की पाणी कानात जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आले तेव्हा बाबांनी हात स्टेअरिंगवरून काढून मांडीखाली घेतले होते. एखादा मुलगा वर्गात बसतो तसे बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला त्यांना काही सांगायची गरज उरली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शिमग्यापासनं असंल."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? लोक म्हन्ले इस्टेरिंग सैल हाय, मी म्हन्लो हो, सैल हाय." त्यांनी वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं. "सैल होतं ते बरं होतं गो. हात काय करतोय ते चाकापर्यंत जात नव्हतं."

माझं डोकं फिरलं. दरीच्या कडेने, मागे दहा माणसं घेऊन, सैल स्टेअरिंग आणि थरथरते हात! मी जे तोंडाला येईल ते बोलले. माणसांच्या जिवाबद्दल बोलले, आईबद्दल बोलले, स्वतःबद्दलही बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "मग उद्या वाडीवर कोन जानार? बाजार हाय उद्या."

या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं. मी कारखान्यात फोन करून पाळी बदलून घेतली. बाजाराचा दिवस गेला की महाडला डॉक्टरांकडे जायचं, हेही तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. आईने ओटीवर येऊन विचारलं, "झाली का गाडी?" आम्ही दोघं एकदमच "झाली" म्हणालो.

सकाळी निघताना बाबा सवयीने उजव्या दाराशी गेले. दाराच्या कडीला हात लावला आणि मग पुढून वळसा घालून डावीकडे येऊन बसले. मी गाडी सुरू केली. चढ माझ्या ओळखीचा होता, गाडी रिकामी होती, पहिल्या गिअरमध्ये मी ती हळूहळू वर नेली. वाडीवर कॅन चढले, माणसं चढली. आजी मागे सगळ्यांच्या पुढे, केबिनला टेकून उभ्या राहिल्या. मला ड्रायव्हरच्या जागेवर बघून कुणी काही विचारलं नाही. मला त्याचं नवल वाटलं, पण तेव्हा मी माझ्याच घाबरण्यात होते.

उताराला लागलो आणि गाडी डुलायला लागली. चांगलीच डुलायला लागली. कॅन एकमेकांवर आपटायला लागले, कुणाची तरी कोंबडी ओरडायला लागली, आणि केबिनच्या टपावर आजींचा हात दणादण पडायला लागला.

"गो बाय! नीट केली ना गाडी? ही तर पयल्यापेक्षा डुलते!"

मी घाबरून बाबांकडे बघितलं. आम्ही काय चुकवलं? कुठला बोल्ट राहिला? बाबा माझ्या हातांकडे बघत होते, आणि बघता बघता हसायला लागले. कालपासून पहिल्यांदा हसत होते.

"हात गप ठेव," ते म्हणाले. "घुसळतीस कशाला? आता गाडी ऐकते."

आणि खरंच, माझे हात लहानपणी शिकवल्याप्रमाणे स्टेअरिंग डावी-उजवीकडे घुसळत होते. आधी ते घुसळणं चार बोटांच्या खेळात जिरून जायचं. आता प्रत्येक घुसळणीबरोबर गाडी बिचारी सांगितल्याप्रमाणे डावीकडे जात होती, उजवीकडे येत होती. मी हात थांबवले. म्हणजे थांबवायचा प्रयत्न केला, ते आपोआप सुरू व्हायचे आणि बाबा म्हणायचे, "गप." मोठं वळण आलं. लोक हल्लीच्या सवयीने उतरतील म्हणून मी गाडी हळू केली. कुणी उतरलं नाही. आम्ही सगळे मिळून वळण पार केलं. बाबा सगळा वेळ पुढे वाकून रस्ता बघत होते, ब्रेकच्या जागी त्यांचा पाय रिकामाच दाबला जात होता, पण मला त्यांनी एकदाही ओरडून काही सांगितलं नाही.

पुढे मी कायमची दुपारची पाळी मागून घेतली आणि बिरवाडीची खोली सोडली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी हात थोडे शांत झाले, गाडी चालवण्याइतके नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय.

बाजार करून आम्ही परत वर गेलो. वाडीवर एक रीत आहे. गाडी वर पोचली की माल उतरवायच्या आधी ड्रायव्हरला दूध द्यायचं, गूळ घालून, गरम, आजींच्या हातचं. सकाळी निघायची घाई असते, म्हणून हे परतीच्या फेरीला. बाबा एरवी इंजिन बंद व्हायच्या आत खाली उतरून आजींच्या पडवीत जाऊन बसत. त्या दिवशी ते उतरले नाहीत. काच खाली करून, हात मांडीखाली घेऊन समोर बघत बसून राहिले. बाया आपापल्या पिशव्या घेऊन उतरल्या, तरी ते हलले नाहीत. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला तेव्हा कळलं. दूध ड्रायव्हरचं असतं, आणि त्या दिवशी ड्रायव्हर मी होते.

आजी दोन पेले घेऊन आल्या. एक माझ्या हातात दिला, काठोकाठ भरलेला. दुसरा घेऊन त्या बाबांच्या खिडकीशी गेल्या. तो अर्धाच होता.

ते बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या माणसाने यांना वर-खाली नेलं, आणि पहिल्याच दिवशी निम्म्यावर आणलं! मी गाडीला वळसा घालून गेले. "आजी, बाबांना अर्धंच? आज गाडी त्यांनी चालवली नाही म्हणून?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शिमग्यापासनं अर्धंच देतंय गो त्याला. भरून दिलं की सांडतं अंगावर."

त्यांना ठाऊक होतं. आजींना, बायांना, सगळ्या वाडीला ठाऊक होतं, माझ्या आधीपासून. हातांबद्दल एक शब्द न काढता त्यांनी सगळा ठपका गाडीवर ठेवला होता.

"मग बसत कशाला होतात त्यांच्या गाडीत?" मी विचारलं.

"आमी बसलो नसतो," आजी म्हणाल्या, "तर तो वर कशाला आला असता?"

खिडकीतून बाबांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. सगळ्यांसमोर, लपवाछपवी न करता, दोन्ही थरथरत्या हातांनी पेला धरला आणि दूध प्यायले. थेंब सांडला नाही. मग मिशी पुसली आणि रिकामा पेला आजींच्या पुढे केला.

"दे अजून अर्धं," ते म्हणाले.

आजी हसल्या आणि दूध आणायला घराकडे वळल्या. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले, आणि त्यांच्या मागोमाग पडवीत जाऊन बसले.